मॅकडॉवेलच्या लोकांनी जायचं कुठे?

फेब्रुवारी २०२५ च्या मध्यावर वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, मॅकडॉवेल काउंटीत, टग फोर्क नदी आणि तिला मिळणारे ओढे फुगले. माणसं दगावली, रस्ते खचले, वेल्च या मुख्य गावात चिखल शिरला. मी राहते ती फेअरफॅक्स काउंटी तिथून मोटारीने सहा-साडेसहा तासांवर, वॉशिंग्टनच्या कुशीत. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका मराठी घरी जेवायला जमलो तेव्हा पूरग्रस्तांसाठी पैसे गोळा झाले. आणि पैसे देता देताच वाद सुरू झाला. ‘तिथे पुन्हा घरं बांधायचीच कशाला? काम नाही, पाणी धड नाही, दर काही वर्षांनी पूर. आपण सातासमुद्रापलीकडून दोन बॅगा घेऊन आलो. यांना शेजारच्या राज्यात जायला काय होतं?’ बोलणारा माणूस सज्जन आहे, सगळ्यांत मोठा चेक त्यानेच दिला होता. बहुतेकांनी मानाही डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसले, ते मला अजून टोचतंय.

माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच उलटा विचारला जातोय. तिथले लोक जागचे हलत नाहीत म्हणून मॅकडॉवेल गरीब आहे, हे खरं नाही. तिथली जमीन आणि जमिनीखालचा कोळसा तिथल्या माणसाच्या हाती कधी राहिलाच नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या डोंगरांतून धन बाहेर गेलं आणि त्यातला वाटा मागे ठेवायचा कायदा कुणी वेळेवर केला नाही. म्हणून ती काउंटी गरीब आहे. हे एकदा नीट समजलं की ‘जा’ म्हणणं इतकं सोपं राहत नाही.

‘हे लोक जात का नाहीत’ याचं उत्तर जनगणनेतच आहे. १९५० साली मॅकडॉवेलची लोकसंख्या ९८,८८७ होती. १९६० मध्ये ७१,३५९. १९८० मध्ये ४९,८९९, १९९० मध्ये ३५,२३३. आणि २०२० च्या जनगणनेत १९,१११. म्हणजे जिथे पाच माणसं होती तिथे आज एक आहे. ज्यांच्या अंगात बळ होतं, हातात कसब होतं, बाहेर कुणी ओळखीचं होतं, ते ओहायोत गेले, मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यांत गेले, नॉर्थ कॅरोलायनात गेले. मागे राहिली ती म्हातारी माणसं, त्यांना सांभाळणारी माणसं आणि धुळीने छाती निकामी झालेले खाणकामगार. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला म्हणून घर धरून राहिलेल्या त्याच्या आईला आपण कधी आळशी म्हटलं का? उलट त्या आईमुळेच गावाला गाव म्हणता आलं. मग मॅकडॉवेलमध्ये मागे राहणं हा दोष कसा झाला?

तरीही ‘जा’ म्हणणाऱ्यांच्या मुद्द्यांत दम आहे, तो आधी मान्य करायला हवा. गेलेल्यांचं बहुधा भलंच झालं, हे खरं आहे. कोळशाला उतरती कळा लागली ती कुणा एकाच्या दुष्टपणामुळे नव्हे. यंत्रं आली, वीजकेंद्रांना नैसर्गिक वायू स्वस्त पडू लागला, पोलादाचा धंदा बदलला. सरकारी पैसा गेला नाही असंही नाही. केनेडींच्या काळात अन्नाची कुपनं सुरू झाली तीच मुळी या काउंटीपासून. २९ मे १९६१ रोजी वेल्चमधल्या एका किराणा दुकानात एका बेकार खाणकामगाराने आणि त्याच्या बायकोने, घरात पंधरा खाणारी तोंडं असताना, ९५ डॉलरची कुपनं हाती घेऊन पहिली खरेदी केली ती घेवड्याच्या डब्याची. त्याला साठहून अधिक वर्षं झाली आणि गरिबी हटलेली नाही. शिवाय अरुंद दऱ्यांत विखुरलेल्या चार-चार घरांपर्यंत नळ न्यायचा तर घरटी खर्च कुठल्याही शहरापेक्षा कितीतरी जास्त येतो, हा हिशेबही खोटा नाही.

आता आधी मालकीचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे या डोंगरांत शिरली ती पोकाहोंटास कोळशासाठी. हा कोळसा धूर कमी करणारा, गंधक कमी असलेला, नौदलाच्या जहाजांना आणि पोलादाच्या भट्ट्यांना हवाहवासा. रेल्वेच्या आधी जमिनीचे दलाल आले होते. काहींनी जमीन घेतली, काहींनी फक्त जमिनीखालचे हक्क. मराठी वाचकाला सांगायचं तर सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि त्याच शेताखालचा कोळसा फिलाडेल्फियातल्या भांडवलदाराच्या नावावर. १९०१ साली नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेने या पट्ट्यातली दोन लाखांहून अधिक एकर कोळशाची जमीन एका झटक्यात आपल्या पंखाखाली घेतली. त्याच सुमारास जन्मलेल्या यू. एस. स्टीलने इथे गाव वसवलं आणि त्याला आपले अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांचं नाव दिलं. इंडियानातल्या प्रसिद्ध गॅरी शहराचं हे डोंगरातलं नावभावंड. तिथे भट्ट्या, इथे खाणी. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पाण्याची टाकी आणि नळ कंपनीचे, कित्येक गावांत तर पगारही कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या नाण्यांत. कंपनी गेली तेव्हा नळ तसेच गंजत राहिले. आज काही वस्त्यांत वर्षानुवर्षं पाणी उकळून प्यायची सूचना असते त्याचं मूळ इथे आहे.

मी दोन वर्षांपूर्वी तिकडून गेले होते. एका वळणावर डोंगराच्या कुशीतून एक लोखंडी पाइप बाहेर आलेला, त्यातून सतत धार वाहत होती. एका जुन्या ट्रकमागे दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन ओळीने लावलेले आणि एक म्हातारे गृहस्थ एकेक भरून आत ठेवत होते. घरी नळ आहे का, असं मी विचारलं. आहे, पण तपकिरी येतं, कपडे धुवायला चालतं, असं म्हणाले. माझी बाटली आपणहून घेतली, आधी दोनदा खळबळली आणि मग भरून दिली. पाणी गार आणि गोड होतं. बंद पडलेल्या खाणींच्या पोटातून येणाऱ्या झऱ्यांवर तिथली कित्येक घरं जगतात. एकविसाव्या शतकातल्या अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून.

जमिनीचा प्रश्न पुराशी कसा जोडलेला आहे हे तर लोकांनी जीव देऊन शिकून घेतलंय. एप्रिल १९७७ मध्ये याच टग फोर्कला भयंकर पूर आला होता. हजारो माणसं बेघर झाली. उंचावर घर बांधावं म्हटलं तर मोकळी उंच जागा जमीनकंपन्यांच्या ताब्यात, आणि त्या विकायला तयार नाहीत. लोकांना पुन्हा नदीकाठच्या त्याच पट्टीवर घरं उभी करावी लागली. त्या संतापातून पुढे नागरिक आणि अभ्यासक एकत्र आले, सहा राज्यांतल्या ८० काउंटींमधल्या कचेऱ्यांत बसून त्यांनी जमिनीची दप्तरं चाळली आणि १९८१ मध्ये अहवाल काढला. डोंगर बाहेरच्यांचे, खनिजं तर त्याहून अधिक प्रमाणात बाहेरच्यांची, आणि त्यांवरचा कर नगण्य, असा त्याचा सारांश होता. २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियापुरती पुन्हा मोजणी झाली तेव्हाही मॅकडॉवेलमध्ये खाजगी जमिनीचा निम्म्याहून मोठा वाटा पहिल्या दहा मालकांकडेच निघाला. तेव्हा ‘पुराच्या पट्टीत घर कशाला बांधता’ असं विचारणाऱ्याने आधी हे सांगावं की मैलभर वर चढून बांधायचं तर कुणाच्या जमिनीवर? राज्य सोडून जाण्याचा सल्ला आपण देतो आहोत, आणि तिथे माणसाला मैलभर वर सरकायलाही जागा नाही.

कोळसा ओसरणं अटळ होतं, हे मी मान्य केलं. पण गरिबी अटळ नव्हती. १९५० मध्ये अमेरिकेच्या कोळसा खाणींत चार लाखांहून अधिक माणसं होती, १९६० पर्यंत ती दोन लाखांच्या खाली आली. त्याच १९५० च्या करारात जॉन लुईस यांच्या खाणकामगार संघटनेने यंत्रांना मोकळीक दिली आणि बदल्यात मजुरी व कल्याण निधी मिळवला. उरलेल्यांना चांगला पगार, बाकीच्यांना रस्ता. कोळसा निघतच होता, रेल्वेचे डबे भरतच होते, फक्त त्यांच्यासाठी लागणारी माणसं कमी झाली. ज्या वर्षांत माणसं कमी लागत होती आणि माल मात्र जात होता, त्याच वर्षांत वाटा बाजूला काढून ठेवायला हवा होता.

तसं सुचवणारा एक माणूस निघालाही होता. विल्यम मार्लंड, खाणीतल्या माणसाचा मुलगा, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. १९५३ मध्ये, पदावर येऊन काही दिवस होतात न होतात तोच, त्याने विधिमंडळापुढे उभं राहून सांगितलं की राज्यातून निघणाऱ्या खनिजावर उत्खनन कर बसवू आणि शाळा, रस्ते बांधू. डोंगर पोखरले जाणार आहेत, राडारोडा आपल्याच दऱ्यांत पडणार आहे, मग किमान पैसा तरी आपल्याकडे राहू दे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच्याच पक्षाच्या लोकांनी आणि कोळसा कंपन्यांनी मिळून तो प्रस्ताव गाडला. मार्लंडचं राजकारण तिथेच संपलं. सेनेटची निवडणूक दोनदा हरला, दारूच्या आहारी गेला. १९६५ मध्ये एका बातमीदाराला तो शिकागोत टॅक्सी चालवताना सापडला, दारू सोडून, शांतपणे कष्ट करत. त्याच वर्षी कर्करोगाने गेला. राज्यात पुढे उत्खनन कर आला, पण उशिरा, आणि त्यातला मोठा भाग राज्याच्या रोजच्या खर्चात जातो. २०१४ मध्ये पुढच्या पिढ्यांसाठी निधीचा कायदाही झाला, पण त्याची पेटी वर्षानुवर्षं रिकामी राहिली.

याच देशात अलास्काने काय केलं? १९७६ मध्ये राज्यघटना बदलून तेलाच्या उत्पन्नातला वाटा कायमच्या निधीत टाकायला सुरुवात केली. १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला, लहान मुलालासुद्धा, दरवर्षी लाभांश मिळतो. आज तो निधी ७० अब्ज डॉलरच्या पुढे आहे. वायोमिंग तर कोळशाचंच राज्य, त्यानेही १९७४ मध्ये खनिज निधीसाठी घटनेत तरतूद केली. अलास्काचा माणूस मॅकडॉवेलच्या माणसापेक्षा अधिक उद्योगी होता म्हणून हे घडलं का? अलास्कातलं तेल राज्याच्या मालकीच्या जमिनीखाली सापडलं. मॅकडॉवेलचा कोळसा राज्य जागं होण्याच्या साठ-सत्तर वर्षं आधीच विकला गेला होता. फरक स्वभावाचा नाही, खरेदीखताचा आहे.

‘हे लोक कधी लढले का?’ असंही त्या रात्री कुणी म्हणालं. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्चच्या न्यायालयाच्या दगडी पायऱ्यांवर सिड हॅटफील्ड या पोलीसप्रमुखाला, तो खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिला म्हणून, कंपन्यांच्या भाडोत्री हेरांनी दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या. बायको शेजारी होती. मारणारे सुटले. त्यानंतर महिन्याभरात सुमारे दहा हजार खाणकामगार बंदुका घेऊन ब्लेअर डोंगराकडे निघाले आणि त्यांना आवरायला केंद्राचं सैन्य आलं. त्यांत गोरे होते, दक्षिणेतून आलेले काळे होते, इटलीहून आणि हंगेरीहून आलेले होते. इतक्या मोठ्या लढ्यात हरलेल्या लोकांच्या नातवंडांना आपण ‘सोसत बसले’ म्हणतो, तेव्हा इतिहास न वाचल्याचा दोष आपला असतो.

वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाचा मुद्दा मला सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तिथे घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली आहेत आणि त्यात माणसाची स्वतःची जबाबदारी शून्य असते असं मी म्हणणार नाही. पण शेजारच्या मिंगो काउंटीत केरमिट नावाचं जेमतेम चारशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका औषध दुकानाला दोन वर्षांत वेदनाशामक गोळ्या पुरवल्या गेल्या सुमारे ९० लाख. या गोळ्या घाऊक पुरवठादारांनी पाठवल्या होत्या आणि त्यांची नोंद सरकारदरबारी होत होती. ज्या खाणकामगाराची पाठ मोडली होती त्याला विश्रांती किंवा दुसरं काम देण्यापेक्षा गोळी देणं स्वस्त होतं. दशकभरापूर्वीच्या आकड्यांत मॅकडॉवेलच्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षं होतं आणि आमच्या फेअरफॅक्सच्या पुरुषाचं ८२. अंतर साडेतीनशे मैलांचं आणि अठरा वर्षांचं.

आणि मतदान? २००८ मध्ये या काउंटीने ओबामांना बहुमत दिलं. २०१६ च्या मे महिन्यात डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सना, आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे तीन चतुर्थांश मतं ट्रम्पना. याला कुणी खुळेपणा म्हणेल. मला त्यात प्रत्येक दार ठोठावून पाहणारा माणूस दिसतो. एकही दार उघडलं नाही, त्याबद्दल ठोठावणाऱ्याला दोष का द्यायचा?

आता आपल्याबद्दल, कारण तुलना आपणच सुरू केली. ‘सरकारी पैशावर जगतात’ असं मॅकडॉवेलबद्दल म्हणताना फेअरफॅक्स कशावर जगतं? केंद्र सरकारची खाती, संरक्षणाची कंत्राटं, त्या कंत्राटांची उपकंत्राटं. आमच्या घरांच्या किमती, शाळांचा दर्जा, उद्यानं, वाचनालयं, सगळं त्या पैशाच्या प्रवाहात उभं आहे. फरक एवढाच की आम्हाला तो पगार म्हणून मिळतो आणि त्यांना कुपन म्हणून. ज्या फेब्रुवारीत वेल्चमध्ये पूर आला त्याच महिन्यात केंद्र सरकारने नोकऱ्या आणि कंत्राटं कापायला सुरुवात केली. आमच्या ओळखीतल्या काहींचं काम महिन्या-दोन महिन्यांत गेलं. त्यांतल्या एकालाही मी ‘मग टेक्सासला जा’ म्हटलं नाही, आणि ते लगेच गेलेही नाहीत. मुलीचं बारावीचं वर्ष आहे, घराचं कर्ज आहे, आईला नुकतंच इथे आणलंय, बघू जरा. ही सगळी कारणं रास्त होती, सगळ्यांनी समजूनही घेतली. मग वेल्चच्या माणसाची तीच कारणं हट्ट कशी ठरतात?

आपण दोन बॅगा घेऊन आलो हे खरं, पण बॅगांत काय होतं? महाराष्ट्रातल्या सरकारी अनुदानावर चाललेल्या महाविद्यालयाची पदवी, पुढची नोकरी ठरलेली, आणि मागे आई-वडिलांना पाहणारा भाऊ किंवा बहीण. वेल्चजवळच्या माणसाकडे विकायला एक घर आहे आणि घेणारं कुणी नाही. त्या घराच्या किमतीत फेअरफॅक्समध्ये वर्षभराचं भाडंही निघत नाही. १९५० च्या दशकात निघालेल्या त्याच्या काकाला डेट्रॉइटमध्ये दहावी न होताही संघटनेच्या दराने पगार मिळायचा. आज त्याला कुठे गेल्यावर काय मिळेल?

ज्यांना खरंच निघायचं आहे त्यांना मदत करा, या मताची मीही आहे. पण पुराच्या पट्टीतलं घर सोडणाऱ्याला मिळणारी किंमत त्याच्या पडक्या घराची नको, दुसरीकडे राहण्याजोगं घर घेता येईल एवढी हवी. ज्यांना राहायचं आहे त्यांच्यासाठी उंचावरची जमीन संपादित करा. रस्त्यासाठी, तुरुंगासाठी जमीन मिळते. २०१० मध्ये वेल्चजवळच्या डोंगरावर केंद्राचा तुरुंग उभा राहिलाच की. माणसांच्या घरांसाठी ती का मिळू नये? न काढलेल्या खनिजावर खऱ्या किमतीने कर लावा, आणि मॅकडॉवेलमधून आजही निघणाऱ्या कोळशाच्या उत्खनन करातला ठळक वाटा काउंटीच्या नळांसाठी बांधून टाका. कोळसा अजून निघतोय, हे लोक विसरतात. पोलादाला लागणारा हा कोळसा रेल्वेने नॉरफोकच्या बंदराकडे जातो, आणि अमेरिकेच्या अशा कोळशाचं भारत हे एक मोठं गिऱ्हाईक आहे. ज्या पोलादावर आपल्या माहेरच्या शहरांतले पूल उभे राहतात त्यात या डोंगरांचा अंश असू शकतो.

त्या रात्री जमलेल्या पैशांतून पाण्याच्या बाटल्या आणि गाद्या गेल्या, ते बरंच झालं. पण गाद्या घेऊन जाणाऱ्या गाडीतून मी पुढच्या वेळी स्वतः जाणार आहे, आणि वेल्चच्या कचेरीत बसून त्या पाइपच्या वरचा डोंगर कुणाच्या नावावर आहे ते दप्तरात पाहणार आहे. आमच्या मित्रालाही सोबत ये म्हटलंय. तो येतो म्हणाला.